बिनपाण्याचं धुणं

शिरड शहापूर, जि. परभणी
१८ नोव्हेंबर १९७३

चिरंजीव मुंजाजी यास,

मी केशरबाई. ओळख पटत नसेल तर सांगते. तुझ्या बापाची माय. नाकात मोरणी, उजव्या कानानं कमी ऐकू येतं, डाव्यानं जरा जास्तच. लहानपणी माझ्या पाठीवर बसून तू औंढ्याच्या बाजाराला जायचास आणि माझे केस लगामासारखे धरायचास. जर्मनीला जाऊन तुला साल व्हायचंय, आणि तुझं डोकं आत्ताच गळक्या रांजणासारखं झालं. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे खात जा, म्हणजे गावाकडं एक म्हातारी आहे हे ध्यानात राहील.

हे पत्र तुझी माय लिहून राहिली. ती चौथी शिकलेली, मी अंगठा. मी बोलते तसंच लिहायचं असं ठरलंय, पण ती मधी मधी माझं बोलणं सरळ करती, खाटेवरची चादर सरळ करावी तसं.

तुझ्या पत्रातला कारखाना, बर्फ, मशिनी हे मी नुसतं ऐकून घेतलं. पण कोटाची गोष्ट पुन्हा वाचायला लावली. तुझ्या खोलीच्या खाली दुकान आहे. तिथं गेर्डाबाई नावाची विधवा बाई लोकांचे गरम कपडे धुती आणि पाणी लावत न्हाई. खोलीबी तिचीच, दुकानबी तिचंच. मुंज्या, पाणी न लावता धुतात ते कोणतं धुणं? पेट्रोलसारखं काही असतं, म्हणतोस. पेट्रोलनं आग लागती, मळ कसा निघेल?

तिची भाषा तुला येत न्हाई, तुझी तिला येत न्हाई. तू बोटानं डाग दाखवतो, ती मान हलवती, चिठ्ठी फाडून देती आणि कधी यायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरात दाखवती. कोट घेताना तिनं तुझे खिसे उलटे करून पाहिले, हेबी तूच लिहिलंस. परकी बाई लेकराचे खिसे चाचपती आणि लेकरू लिहितं, बाई फार चांगली आहे!

आणि कोट परत आला तो बटणं बदलून. जाताना तपकिरी होती, येताना काळी. तू बटणाला हात लावून विचारलंस तर ती 'या, या', म्हणजे त्यांचं 'हो, हो', म्हणून हसली. हसणारच. हसण्यासारखंच केलं तिनं.

तो कोट तुझ्या एकट्याचा न्हाई, हे तुला सांगायला नको. वस्तीनं मिळून नांदेडला शिवून घेतला. तू तो घालून मोटारीत चढलास तेव्हा माणसं तुझ्याकडं न पाहता कोटाकडंच पाहत होती. म्हणून विचारते. घरी आलेला कोट तोच आहे, की बटणांसकट सगळाच दुसरा आहे? आतून बाहेरून बराबर पाहून घे.

मला संशयाची खोड आहे असं तुझी माय म्हणती. खोड न्हाई, अनुभव आहे. आपलं धुणं दुसऱ्याच्या हातानं कधी झालंच न्हाई. दगडोबा परटाच्या बापानं माझं लग्नातलं लुगडंसुद्धा हातात घेतलं न्हाई. ओढ्याच्या खालच्या अंगाला बसून आमीच आपटलं. मग तुझ्या बापाला एस्टीच्या डेपोत नोकरी लागली. त्यानं ऐट म्हणून हिंगोलीच्या लाँड्रीत शर्ट टाकला. परत आला तो दुसऱ्याच कोणाचा. कापड भारी होतं म्हणून तुझा बाप गप बसला आणि आखूड बाह्यांचा शर्ट फाटेपर्यंत घातला. त्यामुळं कपडे हसत घेणारं माणूस दिसलं की मी आधी त्याच्या हाताकडं पाहते.

त्या बाईवर नजर ठेव.

तुझी आजी

(मुंजाजी, मी आई. कोट उबदार आहे ना? बटणाचं मनावर घेऊ नको. आत्याबाई विचारून राहिल्या, इतकं काय लिहितीस? मी म्हणलं, पत्ता.)


शिरड शहापूर
६ जानेवारी १९७४

चि. मुंजाजी,

या वेळी पत्राला उशीर केला न्हाईस. शेंगदाणे लागू पडले म्हणायचे.

मी गेर्डाबाईबद्दल विचारलं आणि तू उत्तर दिलंस ते असं, की तिचं वय मायपेक्षा जास्त आहे, नवरा लढाईत गेला, त्याचा फोटो काउंटरवर असतो, आणि ती एकटी पहाटेपासून इस्त्री मारती. मी चोरीचं विचारलं, तू दुःखाचं सांगितलंस. दुःखी माणूस चोरी करत न्हाई असं कुठं आहे?

असू दे. नांदेडचे एक साहेब तुझ्याच कारखान्यात येऊन राहिले. तुझा बाप वारंगा फाट्यावर जाऊन त्यांच्या हाती बोचकं देईल. त्यात वाकळ आहे. वर तुझ्या मायचं हिरवं लुगडं, खाली माझं, मधी तुझ्या आजोबाची धोतरं आणि बापाची खाकी पँट. पँट कडंला घातली, पायापाशी, कारण तिला डेपोचा वास आहे. टाके मी घातलेत. वाकडे दिसले तर डोळे मिटून घे, झोपायचीच वस्तू आहे.

साहेबांनी बोचकं नाकापासून लांब धरून घेतलं तरी तू काही म्हणू नको. पोचवलं म्हणजे झालं.

ही वाकळ त्या बाईच्या दुकानात द्यायची न्हाई. मळली तर उन्हात टाक, झटक, पुन्हा घे. वाकळ धुतात ती पावसाळ्याच्या आधी, एकदा. आणि दिलीसच, तर परत आलेली वाकळ आपलीच आहे का, हे मला इथं शिरडला बसून सांगता येईल. कसं ते विचारू नको. आजीला अक्षर येत न्हाई म्हणून खूणबी करता येत न्हाई असं समजू नको.

(आता पद्मा, तुझी माय, लिहिता लिहिता विचारती, कोणती खूण? मी म्हणलं, तू लिही.)

गेर्डाबाई तुझ्या खोलीची चावी जवळ ठेवती का? तू कारखान्यात गेल्यावर वर जाती का? जिन्यावर पीठ भुरभुरून जा, पाऊल उमटेल.

तुझी आजी

(मुंजाजी, मी आई. पीठ सांडू नको, ती बाई काय म्हणेल? इकडं सगळं ठीक. वाकळीची घडी घातल्यापासून माझी मनगटं खाजून खाजून लाल झालीत. आत्याबाई म्हणतात थंडीनं होतं. असेल.)


शिरड शहापूर
१० मार्च १९७४

मुंजाजी,

आज गंमत न्हाई.

तुझं पत्र पद्मानं वाचलं आणि मधीच थांबली. मी म्हणलं, वाच. ती म्हणली, डोळ्यात काही गेलं. मी म्हणलं, गेलेलं असू दे, वाच.

तर हप्त्यापासून गेर्डाबाई तुझ्या हातातून काही घेत न्हाई. चिठ्ठी दिली तर चिमट्यानं उचलती. तुझे धुतलेले शर्ट दुकानाबाहेर स्टुलावर ठेवती आणि दार लावून घेती. जिन्यात समोर आलास की भिंतीला चिकटून उभी राहती. तू विचारायला गेलास तर काचेआडून मोठ्यानं काही बोलली, तुझ्याकडं बोट, मग दाराकडं बोट. आणि तू लिहितोस, 'आजी, ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. तिची भाषा मला येत नाही.'

मला येती. मुंज्या, त्या भाषेला शब्द लागत न्हाईत. स्टूल बाहेर ठेवलं की बोलून झालं. मी लहानपणी दुकानाच्या ओट्याखाली उभी राहायचे. मिठाची पुडी वरून पडायची. झेलली तर आपली, न्हाई झेलली तर मातीसकट आपली. दुकानदार शिवी देत नव्हता, रागावत नव्हता. मला वाटत होतं, सगळ्या जगात मीठ असंच विकतात.

हसून कोट घेणारी बाई एकाएकी चिमटा कुठून आणती? चिमटा हातात यायला कोणीतरी कानात सांगावं लागतं. आणि सांगायला तिथं कोण आहे? तेच. बोचकं नाकापासून लांब धरणारे. तुझ्या मायला हे पटत न्हाई. ती म्हणती, 'आत्याबाई, त्या बाईला जात काय कळती? तिच्या मुलखात ते न्हाईच.' मी म्हणलं, 'पद्मे, नाकारायला शिकवावं लागत न्हाई. नाव सांगितलं की बस.'

विचार त्या साहेबांना. तोंडावर विचार. आणि त्या बाईला हात जोडायचे न्हाईत. कोट घालून, मान वर करून जिना चढायचा. खोली दुसरी बघ. वाकळ तिच्याकडं अडकली म्हणतोस. दिलीस काहून? तिथं ऊनच नसतं आणि ओल धरली होती, म्हणतोस. आता काय बोलू. वाकळ मागून घे. देत नसली तर जाऊ दे, पण पुन्हा तिच्या दारात उभा राहू नको.

आमी दोघींनी दुष्काळात वारंग्याच्या रस्त्यावर खडी फोडली ती तू स्टुलावरचे शर्ट उचलावेस म्हणून न्हाई.

आजी

(मी आई. मुंजाजी, आत्याबाईंचं खरंच असेल असं न्हाई. तू कोणा इंग्रजी येणाऱ्या माणसाला मधी घालून त्या बाईला नीट विचार. भांडू नको. जेवत जा.)


शिरड शहापूर
६ एप्रिल १९७४

मुंजाजी, हे पत्र हातात पडल्या पडल्या वाच. जिन्यातच वाच.

तुझं पत्र काल आलं. तू मायचं ऐकलंस, बरं केलंस. कारखान्याच्या डॉक्टरला इंग्रजी येतं, तो गेर्डाबाईशी बोलला आणि तुला सांगितलं, की तुझी वाकळ धुतल्यापासून तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फोड आले, तोंड सुजलं, डोळे उघडेनात. कोणतं औषध चालेना. म्हणून तिनं धरलं की हा पोरगा हिंदुस्थानातून काही रोग घेऊन आला. तुझं रक्त तपासायला नेलं. कागद साफ येत न्हाई तोवर कारखान्यात यायचं न्हाई. महिना संपला की खोली सोडायची. आणि रोग निघाला तर सरळ परत पाठवणार. वाकळ पत्र्याच्या पिंपात बंद आहे, ती जाळणार.

पद्मा इथवर आली आणि तिनं पत्र मांडीवर ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. मग आपल्या मनगटाकडं पाहिलं.

'आत्याबाई,' ती म्हणली, 'वाकळीला बिब्बा लावला होता काय तुमी?'

मी म्हणलं, 'चहा ठेव.'

'बिब्बा लावला होता काय?'

'चारी कोपऱ्यांना. आणि आतल्या थरालाबी. म्हणलं, कापून बदलली तर?'

'वर चुना?'

तेव्हा मला आठवलं. लाँड्रीत कपड्याला बिब्ब्याची खूण करतात ती सुईनं, टिपकाभर, आणि वरून लगेच चुना फासतात, मग ती काळी पडती आणि बसती. मी दिव्यावर बिब्बा तापवला, सुई टोचली, खूण केली, आणि चुन्याची डबी काढणार तर पद्मा घरात आली. तिला बिब्बा नुसता दिसला तरी अंगावर गांधी उठतात. म्हणून लपवलं. वाकळीची शिवण घातली, आणि चुना राहून गेला. तुला मी विसराळू म्हणते! तू आजीवर गेलास, दुसरं काय.

मला पद्मानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं चहा ठेवला, माझ्यासमोर आदळला, आणि म्हणली, 'आता सांगा. एक शब्द सरळ करणार न्हाई. तुमच्या तोंडचं तसंच लिहिते.'

तर ऐक. तुझ्या अंगात रोग न्हाई. तुझ्या आजीच्या डोक्यात आहे. एवढं वाक्य त्या मुलखाच्या भाषेत पाठ कर.

वाकळ जाळू देऊ नको. बिब्ब्याचा धूर लागला तर एका बाईचे हात गेले ते गेले, गल्लीभर तोंडं सुजतील. खोल पुरून टाका. हिरवं लुगडं गेलं म्हणून तुझी माय रडणार न्हाई, मी विचारलंय.

बाईच्या हाताला पांढरे तीळ लोण्यात वाटून लावावेत. खोबरेल तेल मिळालं तर ते. शेकायचं न्हाई. खाजवायचं न्हाई, हे सांगून उपयोग न्हाई, तरी सांग. फोड बसतील, कातडं निघेल, नवं येईल. तुला काही झालं न्हाई कारण काहींना उततो, काहींना उतत न्हाई. तू बिब्बे फोडून गोडंबी खात मोठा झालास, तुला काय होणार!

सोबतच्या डबीत बिब्बे आहेत, लाखेनं बंद केलेले. डॉक्टरला दाखव. त्यानं अंगाला लावून पाहू नये, अक्कल असली तर. तार करणार होतो, पण एवढी कथा तारेत बसत न्हाई. तुझा बाप आज स्वतः नांदेडला जाऊन रजिस्टर करणार.

आता पुढचं डॉक्टरला इंग्रजीत करून दे आणि बाईला तिच्या भाषेत ऐकवायला लाव. हे तिच्यासाठी आहे.

गेर्डाबाई, जयभीम. मी या पोराची आजी. तू माझ्या वाकळीचे काळे डाग काढायला बसलीस. निघेनात म्हणून घासत राहिलीस, असं डॉक्टर सांगतो. बाई, ते डाग नव्हते. मला लिहिता येत न्हाई. जन्मात मी एकदाच काही लिहिलं, ते बिब्ब्यानं लिहिलं, आणि लिहिलं ते असं, की तू चोर आहेस. ते तू उघड्या हातानं पुसत बसलीस. पोराचा काही दोष न्हाई. त्याला खूण केल्याचं माहीतच न्हाई. खोलीतून काढायचं असेल तर मला काढ, मी तिथं राहतच न्हाई, तुला सोपं जाईल. खाली माझा अंगठा आहे. डॉक्टरला दाखवून घे.

मुंज्या, अंगठा उमटवलाय. शाई जास्त लागली, पण रेषा दिसतात.

आणखी एक. त्या नांदेडच्या साहेबांना तोंडावर काही विचारलं असशील तर जाऊन सांग की चूक झाली. त्यांनी बोचकं लांब धरलं होतं, हे खरं. पण यात त्यांचा हात न्हाई.

आणि बटणं! डॉक्टरनं तेबी विचारलं म्हणे. कोटाची बटणं त्या पेट्रोलसारख्या धुण्याच्या तेलात विरघळली असती, म्हणून बाईनं आधीच काढली आणि दुसरी लावून दिली. जुनी बटणं कागदाच्या पुडीत घालून आतल्या खिशात ठेवली होती. तू सहा महिने तो कोट घालून फिरून राहिलास आणि आतल्या खिशात हात घालायची अक्कल आली न्हाई! तुला मशिनी कोण हाती देतं?

आजी

(अंगठा)

(मी आई. पत्र पोचलं की तार कर. नुसतं 'पोचलं' एवढीच. आत्याबाई कालपासून जेवल्या न्हाईत, पण हे त्यांनी लिहू दिलं न्हाई.)


शिरड शहापूर
९ जून १९७४

चि. मुंजाजी,

तुझी 'पोचलं'ची तार आली त्या दिवशी मी जेवले. म्हणून सांगते, तुझी माय उगाच काळजी करती.

आता तुझं सविस्तर पत्र वाचलं. डॉक्टरला त्याच्या जाड पुस्तकात बिब्बा सापडला. त्यावर विश्वास बसेना म्हणून त्यानं सुईनं आपल्याच दंडावर टिपका लावला आणि दोन दिवसांनी गळ्यात फडकं बांधून, हात अडकवून दवाखान्यात आला. मुंज्या, मी तोंडावर पदर धरून हसले. पण माणूस इमानदार आहे. त्या सुजलेल्या दंडाच्या जोरावरच तुझा कागद साफ झाला. कारखान्यात परत घेतलं. खोली राहिली. इथं वस्तीत कोणाला काही कळलं नव्हतं, तरी सगळे विचारत होते की केशरबाई गप काहून बसली. आता मी बोलायला लागले, तर तेच विचारून राहिले की हिला गप कधी बसवायचं.

पण तुझ्या पत्रात काही गोष्टी बराबर लागत न्हाईत.

पहिली ही, की गेर्डाबाईनं माफ केलं असं तू लिहितोस. कशावरून? तिनं मान हलवली म्हणून. ती तर डाग दाखवला तरी मान हलवती. तोंडानं माफ करणं सोपं आहे, भाषा येत नसली तर आणखी सोपं.

मग तू लिहितोस, हात बरे झाले, नवं गुलाबी कातडं आलं, आणि आता ती रबराचे हातमोजे घालून काम करती. घालावेत. मी तिच्या जागी असते तर चिलखत घातलं असतं. पण हे बघून लिही, ती सगळ्यांचे कपडे हातमोज्यानं घेती, की तुझंच बोचकं आलं की घालती? सगळ्यांना घालत असली तर तिला बिब्ब्याची भीती आहे. तुलाच घालत असली तर अजून तुझी आहे. दुकानाच्या समोर उभा राहून पाहा. माझ्यासाठी पाहा.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. तू बुद्धपौर्णिमेला खीर केलीस. पहिल्यांदाच केलीस, तांदूळ बुडाला लागला, तरी केलीस. वाटीभर खाली जाऊन तिला दिलीस. तिनं घेतली, हसली, आणि सकाळी वाटी धुऊन पायरीवर ठेवली. हे लिहून तू लगेच मशिनीच्या गोष्टीवर गेलास.

तिनं खाल्ली का, ते लिहिलं न्हाईस.

घेणं वेगळं, खाणं वेगळं. गावात जयंतीचे लाडू वाटायला आमी जातो. घेतात. 'या, बसा' म्हणतात. आणि त्याच संध्याकाळी ते लाडू गाईच्या पुढ्यात पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. गाय खुशाल होती, मला वाईट वाटलं ते गायीचं न्हाई. म्हणून मला धुतलेल्या वाटीचं काही सांगू नको. धुतलेली वाटी काही बोलत न्हाई, आणि धुणं तर त्या बाईचा धंदाच आहे.

पद्मा म्हणती, 'आत्याबाई, एवढं होऊन तुमचा संशय जाईना? बिचारीचे हात सोलले तुमच्यापायी.' मी म्हणलं, 'म्हणूनच. तिचे हात सोलले, तिनं माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण न्हाई. आमीबी तिच्यावर ठेवायचं न्हाई. दोघी बराबरीत आलो. आता कुठं खरं विचारता येईल.' पद्मा म्हणली, 'तुमाला काय पाहिजे तरी काय?' सुपारी कातरून झाली तेव्हा सांगितलं, 'मला पोरगं तिथं पाहुणा पाहिजे, भाडेकरू नको.'

तर असं कर. पुन्हा स्वयंपाक कर. खीर नको, ती तुला येत न्हाई. पिठलं कर, ते कोणालाबी येतं. भाकरी थापता येत न्हाई तर भात लाव. वाटीत घालून पायरीखाली पाठवायचं न्हाई. तिला वर बोलाव. जिना चढायचा असं बोटानं दाखव. समोर बसव. एकाच पातेल्यातून दोघांना वाढ, आणि आधी तू घास घे, म्हणजे तिला बिब्बा वाटणार न्हाई. मग गप बसून पाहा. जेवली तर जेवली. न्हाई जेवली तर भांडू नको, रुसू नको, तिनं सोसलंय. मला मात्र खरं लिही. माय वाचताना मधीच थांबली तरी चालेल.

आणि आता मला काय पाठवायचं ते ऐक. चॉकलेट नको, ते इथवर येता येता पातळ होतं आणि उरलं सुरलं तुझा बाप डेपोत वाटतो. ती बाई रविवारी घरी पाव करती, असं तू लिहिलंस. काळा, विटेएवढा जड, आंबूस, हप्ते हप्ते टिकणारा. तो पाठव. दुकानातला न्हाई, तिच्या घरचा. तिला म्हणावं, म्हातारीनं मागितलाय, शिरडला सगळे एका ओळीत बसून खाऊ, कसाबी लागला तरी थुंकणार न्हाई. पीठ मात्र उघड्या हातानं मळायला सांग. रबर घालून मळलेला पाव मला नको. आणि वर तिची बोटं उमटली असतील तर सुरीनं सारखं करू नको म्हणावं, तसाच फडक्यात गुंडाळून पाठव.